खड्यांचा डबा

अण्णा आपल्या कानातल्या आवाजाला ‘पावणं’ म्हणत. कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. रिक्षावाला म्हणतो, भाजीवाली म्हणते. पण स्वतःच्या कानात वाजणाऱ्या शिट्टीला कुणी इतक्या अदबीनं बोलावताना मी ऐकलं नव्हतं. “आज पावणं लई बोलाय लागल्यात,” असं ते सकाळी जिन्याखालून मला सांगत. पहिले आठ दिवस मला वाटत होतं, की खाली त्यांचे कुणी नातेवाईक राहायला आले आहेत. त्यांची अडचण होऊ नये म्हणून मी माझ्या चपला जिन्यातून उचलून वर नेऊन ठेवल्या होत्या.

मी त्यांच्या वरच्या खोलीत दीड वर्ष भाडेकरू होते. माझं घर राधानगरीला, शाळा इंग्रजी माध्यमाची आणि तीही हॉस्टेलवर राहून, नोकरी उद्यमनगराजवळ संगणकावर यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज करण्याची. खोली बघायला गेले तेव्हा अण्णांनी माझं गाव विचारलं नाही, स्वयंपाक करणार का ते विचारलं नाही, घरी कोण येणार-जाणार तेही नाही. दारात उभे राहून ते माझ्याकडे नुसते बघत होते. मग म्हणाले, “थंडीतबी पंखा लावून झोपता काय?”

मी म्हणाले, “हो.”

“कुठल्या कानात?”

“कुठे काय? मला काही नाही.”

“ऱ्हाऊ दे. सांगू नका. खोली तुमची.”

आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे आक्कांचा, आवाज आला, “आवं, पोरीला आधी पाणी तरी इचारा की!”

त्याआधी सहा महिने मी एका मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर अर्धा तास अडकले होते. गर्दी पुढे सरकेना आणि मला मागे जाता येईना. घरी आले तेव्हा कानात एक बारीक ‘सूंऽ’ होता. तो आजही आहे. चार दिवसांनी मी आईला फोनवर सांगितलं, “आई, माझे कान वाजतात.” मला वाटलं, हे बरोबर मराठी झालं. कान आहेत, आणि ते वाजतात. आई हसली. “काय, कुणी हाक मारल्यासारखं वाटलं का? अगं, भास झाला असेल.” कान वाजणं म्हणजे जे नाही ते ऐकू येणं, हे मला तेव्हा कळलं. मग मी कुणालाच काही सांगितलं नाही. घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, हे एक कारण. दुसरं कारण असं, की हा आवाज आहे की भास, हे मला तरी कुठे नक्की माहीत होतं?

अण्णांना मात्र असली शंका कधी आली नाही. त्यांनी छत्तीस वर्षं फाउंड्रीत काम केलं होतं. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांवरचा खडबडीतपणा ग्राइंडरनं घासून काढायचं काम. त्या ग्राइंडरचाच आवाज बारीक होऊन कानात राहिला आहे, असं ते म्हणत. “मी रिटायर झालो, मशीन झाली न्हाय.” डॉक्टरांकडे ते एकदाच गेले होते. डॉक्टर म्हणाले, लक्ष देऊ नका. अण्णा तिथून उठून आले ते परत गेले नाहीत. “घरात आलेल्या माणसाकडं लक्ष देऊ नगा म्हणतोय! कसल्या घरचा आसंल त्यो?”

त्यांचं एकच तत्त्व होतं : आवाजाला आवाजानंच गाठायचं. त्यासाठी ते गावभर आवाज शोधत हिंडत. पिठाच्या गिरणीत ते दळण न घेताच जाऊन बसत. शेवटी गिरणीवाल्याच्या बायकोनं आक्कांना विचारलं, घरी काही भांडण झालंय का. पावसाळ्यात कळंब्याचा तलाव भरला की ते सायकलवरून सांडव्यापाशी जात आणि पाणी पडताना ऐकत तास तास उभे राहत. परत आल्यावर त्यांचा चेहरा देवळातून आल्यासारखा असे. “पावणं बुडालं हुतं बगा. टक्कल सुदिक दिसत न्हवतं.” पण सांडवा घरी आणता येत नाही, ही त्यांची खंत होती.

म्हणून तो डबा. वनस्पती तुपाचा मोठा गोल डबा त्यांनी आडवा करून एका लोखंडी चौकटीत बसवला होता आणि शिलाई मशीनच्या जुन्या मोटरीवर तो सावकाश फिरत असे. आत काय घालायचं यावर त्यांनी काही वर्षं घालवली होती. शाळूची ज्वारी घालून पाहिली, तिचा आवाज कोरडा. तांदूळ ओला वाजतो, पण आठ दिवसांत पीठ होतं. (“तुमच्या राधानगरीचा आणा, त्यो टिकंल,” असं मला सांगून झालं. मी आणला. तोही टिकला नाही, पण त्यांनी माझ्यावर राग धरला नाही.) शेवटी पंचगंगेच्या काठावरचे हरभऱ्याएवढे खडे त्यांनी स्वतः निवडून, धुऊन, वाळवून भरले. तो डबा फिरला की आमच्या राधानगरीच्या घराच्या पत्र्यावर लांबून सर येते तसा आवाज होई. मी तसं सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले, की मी जरा घाबरले. माझं कुणी एवढं ऐकून घ्यायची मला सवय नव्हती.

डबा सकाळी सहाला सुरू होई आणि ते जेवायला बसले तरी बंद होत नसे. आक्का त्याच्यावर आवाज चढवून बोलत. आमच्या घरातल्या साध्या बोलण्याला लोक भांडण समजतात ते ह्या डब्यामुळं, असं त्या म्हणत. आक्का मूळच्या कुरुंदवाडच्या. तिकडच्या बायकांसारखं बोलताना स्वतःला ‘मी येतो, मी जातो’ म्हणायच्या. माझं पुस्तकी मराठी ऐकून त्यांना हसू येई. “बातम्या सांगाय बसल्यागत बोलतीस गं तू.”

एकदा मी त्यांना माझ्या फोनवरचा पाऊस ऐकवला. झोपेसाठी असतो तसा, ॲपवरचा. हे मी माझ्यासाठी डाउनलोड केलं आहे, हे अर्थातच सांगितलं नाही. अण्णांनी फोन कानाला लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच बसले. मग फोन परत दिला.

“ह्यो पाऊस खोटा हाय.”

“रेकॉर्डिंग आहे ना, अण्णा.”

“त्ये न्हवं. ह्यो परत परत त्योच पडतोय. मधी एक ठेंब वायला वाजतोय बगा, टप्पकन. दर टायमाला तितंच. आता त्यो ठेंब कवा येतोय म्हणून मी वाट बघाय लागलो. पावणं ऱ्हायलं बाजूला.”

मी ते ॲप चार महिने ऐकत होते. तो थेंब मला कधी ऐकू आला नव्हता. त्या दिवसापासून फक्त तोच ऐकू यायला लागला.

त्या जुलैत मी कुणाला न सांगता कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं आणि ऐकण्याची चाचणी घेणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. काचेच्या खोलीत बसवून, कानावर हेडफोन देऊन त्यांनी मला वेगवेगळे सूर ऐकवले आणि विचारलं, तुझा आवाज यातला कुठला? मला सांगता येईना. दोन सूर सारखेच वाटत होते, आणि तिसरा आल्यावर आधीचे दोन्ही आठवत नव्हते. मी अंदाजानं बोट वर केलं. मग उपायांची यादी आली. कानात घालायचं यंत्र, ते दिवसभर मंद सळसळ करतं. किंवा आपल्या शिट्टीच्या पट्टीचा सूर काढून टाकलेलं संगीत, ते रोज ऐकायचं. किंवा यातलं काहीच नको, नुसता घरात पंखा, नळ, कसला तरी बारीक आवाज, आणि जोडीला समुपदेशन.

“यातला चांगला कुठला?” मी विचारलं.

“कुणाला कशानं फरक पडतो, कुणाला कशानंच नाही. आधी सांगता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण एक लक्षात ठेव. आवाज असा लावू नकोस, की तुझा आवाज पूर्ण झाकला जाईल. दोन्ही ऐकू यायला हवेत. मेंदूला तुझ्या आवाजाची सवय व्हायची तर तो ऐकू यायलाच हवा ना?”

बाहेर पडले तर समोरच्या श्रवणयंत्रांच्या दुकानातला माणूस म्हणाला, आमचं यंत्र आवाज पूर्ण झाकतं, शंभर टक्के. इंटरनेटवर दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना मूर्ख म्हणत होते. मी तीन दिवस सगळं वाचलं आणि शेवटी पंखा एकऐवजी दोनवर केला.

मॅडमनी दिलेलं माहितीपत्रक अण्णांनी माझ्या पिशवीतून डोकावताना पाहिलं. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘कर्णनाद’ असं छापलं होतं. मी पटकन म्हणाले, “ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं आहे.” त्यांनी ते ओढून काढून वाचलं नाही, फक्त तो शब्द दोनदा उच्चारला.

“नाद? ह्येला नाद म्हणत्यात व्हय? नाद माणूस आपणहून करतोय. कुस्तीचा नाद, कबुतरांचा नाद. ह्यो कुणी केला?” आणि मग, माझ्याकडे न बघता, “मैत्रिणीला म्हणावं, डबा ऐकाय ये.”

त्या वेळी मी त्यांना सांगायला हवं होतं, की आवाज पूर्ण झाकू नका असं डॉक्टर सांगतात. वाक्य मनात तयार होतं. पण बावीस वर्षं कानात शिट्टी सांभाळलेल्या माणसाला मी काय शिकवणार? शिवाय मग त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कुणी सांगितलं. मी पत्रक पिशवीत आत ढकललं आणि वर गेले.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, मी वर पलंगावर कानात इअरफोन घालून बसले होते. तो थेंब नसलेला दुसरा एक पाऊस मिळाला होता आणि मी तो मोठ्यानं लावून बघत होते. मध्येच मला ‘आवं’ असं ऐकू आलं. मी इअरफोन काढले. खाली डबा फिरत होता, खड्यांची सर पडत होती, आणि तिच्यावर माझा ‘सूंऽ’. बाकी काही नाही. मला आईचं हसणं आठवलं. मी इअरफोन परत घातले. थोड्या वेळानं पुन्हा तसंच वाटलं. या वेळी मी काढलेही नाहीत.

वीस-पंचवीस मिनिटांनी मी वाळलेले कपडे काढायला मागच्या अंगणात गेले. न्हाणीच्या दारात आक्का आडव्या पडल्या होत्या. पाय विचित्र वळला होता. मला पाहून त्या ओरडल्या नाहीत. थकल्या आवाजात म्हणाल्या, “आलीस? ह्यांना बलीव. हाका मारून घसा बसला माझा.”

अण्णा पुढच्या सोप्यात डब्याशेजारी बसले होते. मिटलेले डोळे, मांडीवर हात.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, रॉड घातला. दवाखान्याच्या बाकावर अण्णा माझ्याशेजारी बसले होते. म्हणाले, “मला ऐकू आलतं.”

ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

“दोनदा आलं. मला वाटलं, कान वाजलं.”

‘मलाही’ एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. तो मी त्या बाकावर म्हटला नाही, चहा आणायला गेले तेव्हाही नाही, आणि त्यानंतर दोन महिने नाही.

आक्का वॉकर घेऊन घरी आल्या त्या दिवशी अण्णांनी डबा माळ्यावर टाकला. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर एक स्टूल ठेवलं आणि त्यावर ते बसले. रेडिओ नाही, पंखा नाही. गिरणीत जाणं बंद, सायकल भिंतीला. दर पाच मिनिटांनी विचारत, “हाक मारलीस?”

“न्हाय वो.”

“आता मारलीस?”

“न्हाय म्हटलं की!”

पावणं आता मोकाट सुटलं असावं. अण्णा त्याचं नावही काढत नव्हते. त्यांचे गाल आत गेले, जेवताना हात थांबे, मान एका बाजूला झुकवून ते काहीतरी ऐकत राहत, आणि ते बाहेरचं आहे की आतलं ते त्यांनाही कळत नसावं. एकदा बाहेर कुणाचा तरी कुकर वाजला तर ते धावत न्हाणीकडे गेले. त्यांना असं बघणं मला जमत नव्हतं. आणि मी वर जाऊन पंखा लावायचे, तेव्हा मला तो चोरून लावल्यासारखा वाटे.

एका दुपारी अण्णा औषध आणायला गेले होते. आक्का खुर्चीत बसून मेथी निवडत होत्या. मला म्हणाल्या, “बस हितं. तुझा डाक्टर काय म्हणतोय?”

“कुठला डॉक्टर?”

“थंडीत पंखा फिरतोय तुझा. मला काय कळत न्हाय? ह्यांच्यासंगं पस्तीस वर्सं काढलोय मी.” मेथीची एक काडी माझ्याकडे रोखून त्या म्हणाल्या, “त्यास्नी डबा बी पायजे आन मी बी पायजे. असं काय आसतंय का, इचार तुझ्या डाक्टरला. न्हायतर ह्ये माणूस हाक ऐकायच्या नादात मरंल.”

मी म्हणाले, विचारते. दुसऱ्या दिवशी खाली येऊन म्हणाले, विचारून आले. हे खोटं होतं. विचारायला काही नव्हतं. जुलैपासून मला ते माहीत होतं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे पावण्याला घरातच ठेवायचं, आन शेजारी बारीक आवाज लावायचा?”

“हो. दोन्ही ऐकू यायला पाहिजेत.”

“मग जाईल कवा त्ये?”

“जाईलच असं नाही. आपलं लक्ष हळूहळू निघून जातं, म्हणे. कुणाचं जातं. कुणाचं नाही.”

“तुमच्या मैत्रिणीचं गेलं?”

“अजून नाही.”

ते थोडं हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

डबा माळ्यावरून खाली आला. आक्का आत ओट्यापाशी खुर्चीत, अण्णा सोप्यात त्यांच्याकडे पाठ करून, आणि मी मधल्या दारात, दोघांना दिसेन आणि दोघं मला दिसतील अशी. मी हात वर केला की आक्कांनी रोजच्या आवाजात हाक मारायची. अण्णांना ऐकू आली तर त्यांनी ‘आलं’ म्हणायचं. नाही आली तर डबा थांबवून थोडे खडे काढायचे, हाक ऐकू येईपर्यंत.

पहिल्यांदा नुसती सर. दुसऱ्यांदा तेच. अण्णा मूठभर खडे काढून वाटीत टाकत. मग चार-चार. मग एकेक. प्रत्येक खडा वाटीत टाकण्याआधी ते बोटात धरून बघत. मला वाटतं, त्यांना तो कुठल्या वर्षी निवडला तेही आठवत असावं. डब्याचा आवाज विरळ होत चालला, सरीतले थेंब सुटे ऐकू येऊ लागले.

“पावणं दिसाय लागलं,” अण्णा म्हणाले. “टोपी दिसली.”

मी हात वर केला. “आवं,” आक्का म्हणाल्या. अण्णा गप्प. आणखी एक खडा. हात. “आवं.” गप्प. आक्का वैतागल्या. “माझी मेथी ऱ्हायली हितं. शेजारीण म्हणंल, ही म्हातारी नवऱ्याला हाका मारत सुटलीय.” त्यांनी जुडी पुढे ओढली आणि मान खाली घालून निवडायला लागल्या.

अण्णांनी आणखी एक खडा काढला, मोटर चालू केली. मी हात वर करायला अजून अवकाश होता. माझे हात खालीच होते, हे मला पक्कं आठवतं.

“आलं,” अण्णा म्हणाले.

आक्कांनी वर पाहिलं. “काय आलं? मी तर काय बोललोच न्हाय.”

“आली की हाक. सपष्ट.”

“न्हाय वो. कान वाजलं आसतील तुमचं.”

ते वाक्य घरात पडलं. आक्कांचा हात थांबला. अण्णांच्या तोंडावर तोच दवाखान्याच्या बाकावरचा चेहरा आला. ते वळले ते आक्कांकडे नाही, माझ्याकडे.

“तुला?”

इतके दिवस ते मला ‘तुम्ही’ म्हणत असत.

मी आठवून बघितलं. काहीतरी ऐकल्यासारखं मला वाटलं होतं, हे खरं. पण ते अण्णांनी ‘आलं’ म्हणण्याच्या आधी वाटलं, की नंतर? मेथीची काडी मोडल्याचा आवाज होता का? माझाच ‘सूंऽ’ होता का? आक्का ओठातल्या ओठात पुटपुटल्या आणि विसरल्या, असंही असेल. हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आजही, तो सगळा प्रसंग कितीदा परत लावून ऐकला तरी, कळत नाही.

“आलं,” मी म्हणाले. “मलापण आलं. अण्णा, मलाही आहे. दोन्ही कानांत. आणि त्या रविवारीही मला ऐकू आलं होतं. दोनदा. मलाही वाटलं, कान वाजले.”

एवढं लांब मी त्या घरात कधी बोलले नव्हते. डबा फिरत होता. अण्णा माझ्याकडे बघत होते, रागानं की कशानं ते मला ओळखता येईना. त्यांनी हातातला खडा एकदा वाटीकडे नेला, एकदा डब्याकडे, आणि तसाच धरून बसले.

आक्कांनी मेथीची जुडी मांडीवरून खाली ठेवली. आधी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“दोघांस्नी आलं म्हंजे मारली आसंल मी हाक,” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊ द्या आता. आन काढू नका खडं.”